शहर बघून ठरवा

परदेशी शहर बघताना गाइडबरोबरच्या सायकल टूरवर पैसे घालवण्यापेक्षा पायी फिरा, असं काही जण म्हणतात. सरसकट नाही पटत. बर्लिन घ्या. सपाट आणि ऐसपैस. ब्रँडेनबुर्ग गेट, चेकपॉइंट चार्ली (पूर्व-पश्चिम बर्लिनमधली जुनी तपासणी चौकी), ईस्ट साइड गॅलरी (बर्लिन भिंतीचा चित्रं रंगवलेला उरलेला भाग) एका दिवसात पायी करायला गेलात तर पायांचे तुकडे पडतील. आणि तिथे गाइड हवाच. १९६१ ते १९८९ शहराचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग करत उभी असलेली भिंत आता बहुतेक ठिकाणी उरलेली नाही, मध्य शहरात रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ तेवढी दिसते. कुणी दाखवलं नाही तर चाक त्यावरून जातं नि पत्ताही लागत नाही.

ॲमस्टरडॅमला मात्र पहिल्याच दिवशी सायकल नको. तिथली मंडळी सायकलवरून कामावर निघालेली असतात, फोटोसाठी मध्येच थांबलात की मागून घंटा वाजलीच! शिवाय तिथल्या कित्येक सायकलींना हाताचा ब्रेकच नसतो, पेडल उलटं दाबायचं. आपली बोटं उगाच हँडलवर ब्रेक शोधत बसतात. लिस्बनला चढ फार, इलेक्ट्रिक सायकल असेल तरच.

बुकिंगआधी गटात किती जण आहेत ते विचारा. वीसेक असतील तर निम्मा वेळ सिग्नलला मागच्यांची वाट बघण्यात जातो.