विषय: गावच्या घरातली बारा बोअर बंदूक, तिजोरी कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर तीन आठवडे गावी जातोय, यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. बाबांकडे एकनळी बारा बोअर आहे, परवाना त्यांच्याच नावावर. ती माजघरातल्या लोखंडी कपाटात आईच्या लुगड्यांमागे उभी असते, काडतुसांचा डबा खालच्या खणात. किल्ली देव्हाऱ्यात, आणि हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक.

धाकटा भाऊ वणीला असतो. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा पोळ्याला गावी आला होता. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लाकडी बैलाला झूल करायला चिंधी शोधत त्याने कपाट उघडलं. आई आत आली तेव्हा तो बंदूक खांद्याला लावून उभा. बंदूक रिकामी होती, पण ते ऐकल्यापासून मला झोप नाही.

इथे अमेरिकेतल्या दुकानांत बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या, आगीला टिकणाऱ्या तिजोऱ्या पाहिल्या. तशी एखादी नागपुरात घ्यावी का? मार्चमध्ये आईबाबा सहा महिन्यांसाठी इकडे येतील, तेव्हा घराला कुलूप असेल. कुणी गावी असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

डॅलसहून


दादा,

वाचून पोटात गोळा आला. दिवाळीपर्यंत थांबू नका. आजच फोन करून काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवायला सांगा, आणि देव्हाऱ्यातली किल्ली बाबांच्या करदोट्याला बांधायला लावा. तिजोरी नंतर.

ठशाचं कुलूप नको. जन्मभर शेती केलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा उरत नाहीत. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा कितव्यांदा लागतो ते बाबांना विचारा. माझे वडील अंगठा धोतराला पुसून पुसून दमतात. शिवाय ही कुलपं बॅटरीवर चालतात, आणि आपल्याकडच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात बॅटरी पाझरते. दोन्ही बाजूंनी दाते असलेल्या लांब किल्लीचं, चांगल्या लिव्हरचं कुलूप घ्या. दुसरी किल्ली घरात ठेवू नका, बाबांच्या नावाच्या बँक लॉकरमध्ये ठेवा.

इथल्या तिजोऱ्यांवर आरएससी (रेसिडेन्शियल सिक्युरिटी कंटेनर, म्हणजे घरगुती तिजोरीच्या मजबुतीचा दर्जा) असा शिक्का असतो. त्यातल्या पहिल्या पायरीचा अर्थ एवढाच, की हातातल्या साध्या हत्यारांपुढे ती पाच मिनिटं टिकते. गावातल्या बंद घरात चोराला अख्खी रात्र मोकळी असते. साध्या कपाटाचा पत्रा जेमतेम पाऊण-एक मिलिमीटरचा, पहार घातली की दार वाकतं. इथे १२ गेज म्हणतात तो साधारण पावणेतीन मिलिमीटर. मी गावी चांगल्या वेल्डिंगवाल्याकडून तिजोरी अंगाला ३ आणि दाराला ६ मिलिमीटर पत्रा लावून करून घेतली, बिजागऱ्या आतून. काडतुसांसाठी आतच वेगळ्या कुलपाचा कप्पा.

खरी गोष्ट मात्र जमिनीची आहे, आणि तिथे आम्ही चुकलो. आमचं घर काळ्या मातीवर, तुमचंही बहुधा तसंच. आम्ही तिजोरी सरळ शहाबादी फरशीला बोल्टने बसवली. पावसाळ्यात माती फुगली, एका कोपऱ्याची फरशी वर आली. उन्हाळ्यात भेगा पडल्या आणि तिजोरी इतकी कलली की जड दार चौकटीत बसेना. दीड महिना ती नुसती ओढून घेतलेली होती, कुलूप लागतच नव्हतं. वडिलांनी आम्हाला सांगितलंही नाही, उगाच काळजी नको म्हणून.

मग फरशी उखडली. दोन फूट काळी माती काढली, मुरूम भरून, पाणी मारून धुम्मसाने ठोकला, त्यावर सहा इंच काँक्रीट ओतलं आणि १२ मिलिमीटरचे चार बोल्ट तिजोरीच्या आतून खाली घेतले. दोन पावसाळे झाले, दार अजून एका बोटाने फिरतं. मातीच्या भिंतीला बोल्ट मारूच नका, भुगा होऊन निघतो.

आगीसाठी जिप्समचं अस्तर देतात, त्यातला ओलावा नळीला गंज आणतो. मी ते टाळलं. आत सिलिका जेलची पुडी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरता येतात. नळीला तेलाचा हात फिरवा आणि पावसाळ्यात बंदूक खोळीत घालून ठेवू नका, खोळ ओल धरते.

आता मार्चचं. रिकाम्या घरात बंदूक ठेवायचीच नाही, तिजोरी कितीही भक्कम असो. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावतीवर बंदुकीचा नंबर तपासून घ्या. किल्ली सालदाराकडे देऊ नका, परवाना नसलेल्या भावाकडेही नको. त्यांच्या ताब्यात बंदूक दिली असाच अर्थ निघेल, आणि निस्तरावं त्यांना लागेल. परवान्याची मुदत त्याच सहा महिन्यांत संपत नाही ना, तेही पाहा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे, पण जुन्या कागदावर काय तारीख आहे ते स्वतः वाचा. बाबा सत्तरीचे झाले असतील तर परवाना भावाच्या नावावर करण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करता येतो. भाऊ तिथेच राहतो, तेव्हा हे बोलणं लवकर काढा.

ह्यूस्टनची ताई


ताई,

तुमची मेल वाचून लगेच घरी फोन लावला. काडतुसं बाबांच्या जुन्या ट्रंकेत कुलपात गेली, किल्ली करदोट्याला बांधली. ठाण्याचं नाव काढताना मला धास्ती होती. पण बाबा म्हणाले, "इलेक्शनमंधी त दर खेपेले जमा करतोच, मंग सहा महिने काय जड हाये?" भावाच्या नावाचं मात्र ऐकून घेतलं आणि गप्प राहिले. ते समोर बसून बोलेन.

माजघराखाली काळी मातीच आहे, आईने खात्रीने सांगितलं. गवंडी आधी, वेल्डिंगवाला नंतर, असं ठरवलंय. बाबांनी बंदूक मोजून दिली: अडीच हात चार बोटं. म्हणजे चार फुटांच्या आसपास. आतली उंची साडेचार फूट धरतोय, बरोबर ना? नकाशा काढून रविवारपर्यंत तुम्हाला पाठवतो.

डॅलसहून