सातातलं एक मूल, आणि चाळीतली पंचवीस पोरं

परळकरीण
काल इथेच ठाकुरद्वार६८ यांनी लिहिलं: "दर सातातलं एक मूल मानसिक आजारी, हा काउन्सेलर लोकांनी धंद्यासाठी पिकवलेला आकडा. आमच्या चाळीत एका मजल्यावर पंचवीस पोरं, एकालाही डिप्रेशन नव्हतं." खाली अंगठ्यांचा पाऊस. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतेय.

काका, आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा आहे, वय १० ते १९. म्हणजे साठच्या वर्गात आठ-नऊ. मी अनुदानित शाळेत नववी-दहावीला शिकवते. मला हा आकडा फुगवलेला वाटत नाही. एक मुलगी दर सोमवारी पहिल्या तासाला पोट धरून बाकावर आडवी होते. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, अंगारा लावून झाला. सगळं नॉर्मल. आई म्हणते, "नाटकं करते, टीचर." एक मुलगा सहामाहीत गणितात ७४ वरून ३१ वर आला आणि वर उलट उत्तरं. त्याच्या वडिलांना फक्त उलट उत्तरं दिसली. मुलं उदास असली की रडतातच असं नाही; चिडतात, डोकं दुखतं म्हणतात, रात्र रात्र जागतात. तुमच्या त्या पंचवीसांत दहावीला दोनदा बसून मग घरातच बसलेला एकही नव्हता?

ठाकुरद्वार६८
होता की. बापाने पट्ट्याने फोडला. सरळ झाला. बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झाला. तुमच्या काळात त्याला फाईल आणि गोळ्या मिळाल्या असत्या.

परळकरीण
मॅनेजर झाला म्हणजे बरा झाला? बँकेच्या परीक्षेत झोप लागते का ते विचारत नाहीत.

आकडेमोड
दोघंही घाई करताय. निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने, २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयात मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के. म्हणजे सातात नव्हे, चौदात एक. दुसरं, तुम्ही काय आणि कसं विचारता यावर आकडा हलतो. इंग्लंडमध्ये ८ ते १६ वयात २०१७ ला साधारण आठातलं एक, २०२३ ला पाचातलं एक. पण ते प्रश्नावलीवरून 'आजार असण्याची शक्यता', डॉक्टरने तपासून केलेलं निदान नव्हे. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालात भारतातल्या १५ ते २४ वयातल्या १४ टक्के मुलांनी सांगितलं की वारंवार उदास वाटतं किंवा कशात रस वाटत नाही. वाटणं आणि आजार यांत फरक आहे. सगळं एका पिशवीत कोंबून धागे काढू नका.

परळकरीण
त्याच निम्हान्सच्या अहवालात ग्रामीण भागाला ६.९ आणि महानगरांना १३.५ टक्के दिलेत, ते सोयीने गाळलंत? १३.५ म्हणजे सातातलं एकच झालं. मुंबई महानगरात मोडते असा माझा समज आहे.

आकडेमोड
हिशोब बरोबर. पण सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. तेव्हा ते महानगर मुंबई नाही. एवढं बोलून गप्प बसतो.

पोडियमपीडित
अवांतर: पोरं खेळणार कुठे, हे कुणी बोलणार का? आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाण्याआधी खाली मातीचं अंगण होतं. आता पोडियमवर तीन लेव्हल पार्किंग, वर लाद्या, आणि बोर्ड: 'बॉल खेळण्यास सक्त मनाई. उल्लंघन केल्यास दंड'. सात वर्षांच्या पोराला वॉचमन शिट्टी मारतो. मग तो मोबाईल घेतो आणि आपण मोबाईलच्या नावाने बोंबलतो.

मुलुंड_सेक्रेटरी
बोर्ड लावणाऱ्याला शिव्या देणं सोपं आहे. गाडीची काच फुटली की रात्री अकराला बेल माझ्या दारावर वाजते. भरपाई द्यायला एकही बाप पुढे येत नाही.

पोडियमपीडित
टेनिस बॉलने काच फुटते? कुठली गाडी आहे, पापडाची?

मुलुंड_सेक्रेटरी
आरसा तुटतो. बिल दाखवू? आणि तळमजल्यावर एक आजी आहेत, त्यांच्या खिडकीवर दिवसभर धाड धाड. त्यांचं मानसिक आरोग्य कोण बघणार?

दादरचा_चहा
+१ पोडियमपीडित. आमच्याकडे सायकललाही बंदी. झुंबा चालतो, कारण कमिटीतल्या बायका करतात.

मुलुंड_सेक्रेटरी
बायकांवर घसरायचं कारण नाही. कमिटीत फुकट काम करून बघा एकदा, मग बोला.

ठाकुरद्वार६८
पोडियमपीडित यांच्याशी शंभर टक्के सहमत. पोरांना मैदान द्या, मारून मुटकून घराबाहेर काढा, तुमचे सगळे आजार पळतात की नाही बघा.

टीवाय_नाही_एसवाय
मला मैदान होतं. मी राज्य पातळीवर खो-खो खेळलेय. तरी झालं.

वय १९, डोंबिवली. अकरावी-बारावी इंटिग्रेटेड. कॉलेज कागदावर, सकाळी सात ते संध्याकाळी सात क्लास. रविवारी टेस्ट, सोमवारी रँकप्रमाणे बॅच बदलायची. आपली बॅग उचलून सगळ्यांसमोर खालच्या वर्गात जायचं. बारावीत जेवण जाईना, ट्रेनमध्ये श्वास अडकायचा. बाबांनी डॉक्टरकडे नेलं ते कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून पार नवी मुंबईला. फाईल अजून आईच्या कपाटात साड्यांच्या खाली आहे, पुढे स्थळं बघताना अडचण नको म्हणून. आणि आकडेमोड, त्याच युनिसेफ अहवालातलं एक तुम्ही सोडलंत: मानसिक त्रासात मदत घेणं चांगलं, असं म्हणणारी मुलं भारतात ४१ टक्के, २१ देशांची सरासरी ८३. आम्ही सर्व्हेवाल्यालाही खरं सांगत नसू, तर तुमचे ७.३ किती खरे?

आकडेमोड
हा मुद्दा आहे. लपवाछपवीमुळे आकडा कमी दिसू शकतो. 'शकतो' म्हणालोय.

ठाकुरद्वार६८
क्लासवाल्यांना चाबकाने फोडा, मी स्वतः येतो. पण कोवळ्या पोरांना गोळ्या चारणं मला पटत नाही, आणि पटणारही नाही.

परळकरीण
गोळ्यांचं नाव तुमच्याशिवाय इथे कुणी काढलं? सौम्य त्रासाला आधी बोलणं, घरच्यांना समजावणं, झोपेचं वेळापत्रक हेच करतात. केईएम, नायर, सायनला मानसोपचाराची ओपीडी आहे, साध्या केस पेपरवर. घरबसल्या हवं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही. अडतं ते आधीच्या पायरीवर, मूल तिथवर पोचतच नाही. २०२२ मध्ये राज्यात १,७६४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, देशात सर्वाधिक. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आमच्या शाळेत समुपदेशकाच्या रकान्यात चित्रकलेच्या सरांचं नाव आहे. दोन दिवसांचं शिबिर केलंय बिचाऱ्यांनी.

ठाकुरद्वार६८
बरं. चित्रकलेच्या सरांपेक्षा तुमचे काउन्सेलर परवडले, एवढं लिहून घ्या. सातातलं एक मात्र मी मानत नाही.

आकडेमोड
माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू या. पालिका आणि अनुदानित मिळून किती शाळांत पूर्णवेळ समुपदेशक आहेत? मसुदा मी करतो.

पोडियमपीडित
त्यातच किती शाळांना स्वतःचं मैदान आहे तेही विचारा.

मुलुंड_सेक्रेटरी
आलं परत मैदान! एवढी कळकळ आहे तर सोसायटीच्या एजीएमला या. दर वर्षी कोरमअभावी तहकूब होते ती.