गोळ्यांच्या ॲसेसाठी (औषधाचं प्रमाण मोजायला) एनआयआर (निअर-इन्फ्रारेड प्रकाशानं मोजणारं मशीन) घ्यावं का? बजेट ६ लाख

बोईसरकर: तारापूर एमआयडीसीत छोटं युनिट. मुख्य माल पॅरासिटामॉल ५००. एचपीएलसी (गोळी विरघळवून औषध मोजणारं मशीन) एकच, तिच्यापुढे कायम रांग. कॉम्प्रेशन (गोळ्या पाडणं) चालू असतानाच, गोळी न फोडता औषध किती आहे ते कळलं तरी पुरे. रिलीज (बॅच विक्रीला सोडणं) एचपीएलसीवरच राहील. जुनं मशीन चालेल. ६ लाखांवर साहेब एक रुपया सोडणार नाहीत.

क्यूसी_काका: पॅरासिटामॉलला एनआयआर?? ०.१ एन सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २५७ नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला ते वाचा, ७१५ हा ठरलेला शोषणांक धरून गणित करा. ३० वर्षं हेच केलं, कुठे अडलं नाही.

वेर्णावाला: काका, त्यांना गोळी फोडायचीच नाहीये. नवं एफटी-एनआयआर (एनआयआरचाच एक प्रकार) घ्या, ट्रान्समिशनवालं, म्हणजे प्रकाश गोळीच्या आरपार जाणारं. रिफ्लेक्टन्समध्ये प्रकाश गोळीवरून परत फिरतो, त्यामुळे वरचा थरच दिसतो. आमच्याकडे दोन आहेत, अख्खा ट्रे लावायचा आणि चहाला जायचं.

बोईसरकर: केवढ्याला पडलं?

वेर्णावाला: ते परचेसवाले बघतात.

अमृता_क्यूए: मशीन कुठलंही घ्या, खरी मेहनत मॉडेलची, म्हणजे मशीनच्या स्पेक्ट्रमवरून (प्रकाशाच्या आलेखावरून) औषध किती ते काढणाऱ्या गणिताची. आम्ही प्रॉडक्शनच्याच ६० गोळ्यांवर पीएलएस (असं मॉडेल बांधायची एक पद्धत) बांधलं. सगळ्यांत औषध लेबलवरच्या प्रमाणाच्या ९८ ते १०२ टक्के. मग मुद्दाम ९० टक्क्यांची गोळी लावली, तर पठ्ठ्यानं ९९ दाखवले! शेवटी लॅबमध्ये ८० ते १२० टक्क्यांच्या गोळ्या पाडल्या, हार्डनेसही कमीजास्त ठेवला. स्पेक्ट्रम घेतलेली प्रत्येक गोळी परत एचपीएलसीवर. चार महिने गेले. म्हणजे तुमची रांग आधी वाढणार, मग कमी होणार. साहेबांना आत्ताच सांगून ठेवा.
बाकी पॅरासिटामॉल सोपं, गोळीत बहुतेक औषधच असतं. १ मिलिग्रॅमवाली गोळी असती तर नकोच म्हटलं असतं.

खोपोलीचा_पाऊस: जूनमध्ये स्पेक्ट्रममध्ये १९४० नॅनोमीटरला पाण्याचा उंचवटा (पीक) कसा फुगतो ते बघा एकदा. मार्चमध्ये बांधलेलं मॉडेल आमच्याकडे जुलैत झोपलं. आधी डीह्युमिडिफायर.

क्यूसी_काका: कशाला? एसी पुरतो.

खोपोलीचा_पाऊस: रात्री तो एसी कोण बंद करतं ते विचारा आधी.

क्यूसी_काका: आमच्या वेळी एसी फक्त साहेबांच्या केबिनमध्ये असायचा. तरी रिझल्ट यायचे. यूव्ही.

वेर्णावाला: पुन्हा सांगतो, रिफ्लेक्टन्स नको.

अमृता_क्यूए: ट्रान्समिशनवालं त्यांच्या बजेटमध्ये बसतंय का? सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल (कोणी कधी काय बदललं याची नोंद) आहे का तेवढं मात्र बघून घ्या.

बोईसरकर: सगळ्यांचे आभार. मुंबईतल्या डीलरकडे जुनं रिफ्लेक्टन्सवालंच ५ लाख ४० हजारांत मिळालं, घेऊन टाकलं. वरचाच थर दिसतो, मान्य. दोन्ही बाजूंनी वाचणार. ऑडिट ट्रेल नाही, म्हणून फक्त इन-प्रोसेसला (गोळ्या पाडतानाच्या तपासणीला). ८० टक्क्यांच्या गोळ्या पाडायला प्रॉडक्शनवाले तयार नाहीत, त्यांच्याशी भांडण चालू आहे. सोबत पॉलिस्टायरीन (मशीनची तरंगलांबी तपासायला) आलं, पण ९९ टक्के प्रकाश परतवणारी, तुलनेसाठी लागणारी पांढरी चकती नाही. कोणाकडे जास्तीची आहे का?

खोपोलीचा_पाऊस: मिळाली तर मलाही सांगा. आमच्या चकतीवर चहा सांडलाय.