शाळेचा कार्बन फूटप्रिंट: बिलातला कोणता आकडा धरायचा?

नेरूळ_विज्ञान: दोन सत्रांची शाळा, २,४०० मुलं. नववीच्या प्रकल्पासाठी वर्षाचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे शाळेमुळे हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो त्याचा हिशोब, मांडायचा आहे. महावितरणच्या एचटी (उच्च दाबाच्या) बिलात केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच असे दोन आकडे येतात. गच्चीवर सोलर, नेट मीटर (ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा). बस कंत्राटदाराच्या. कशाला कितीने गुणायचं? आणि आवारातली झाडं वजा करायची का?

मीटरवाला: केडब्ल्यूएच, म्हणजेच युनिट. केव्हीएएचमध्ये पॉवर फॅक्टर (एकूण घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेचं प्रमाण) मिसळलेला असतो, तो ०.९० असेल तर आकडा ११ टक्क्यांनी फुगतो. गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा घ्या, २०२३-२४ साठी युनिटला ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे ६०,००० युनिटचे ४३.६ टन. परदेशी कॅल्क्युलेटरमध्ये तिथल्या ग्रिडचा आकडा बसवलेला असतो, त्यात आपली युनिटं टाकून काही हाती लागत नाही.

सोलरमुळे खरी गडबड होते. बिल लागतं ते निर्यात वजा करून. तुम्ही ग्रिडमधून घेतलेली, म्हणजे आयात युनिटं धरा. पॅनलची जी वीज शाळेतच वापरली ती शून्य, निर्यात वेगळ्या ओळीत. मीटरचं रीडिंग मुलं स्वतः घेणार असतील तर दोन रीडिंगमधल्या फरकाला बिलावरच्या मल्टिप्लाइंग फॅक्टरने (मीटर विजेचा ठरावीक हिस्साच मोजतो, त्यासाठीचा गुणक) गुणायला सांगा, नाहीतर शाळा एका फ्लॅटएवढी वीज वापरते असं उत्तर येईल! वर्ष एप्रिल ते मार्च ठेवा, प्राधिकरणाचा आकडाही तसाच असतो.

डिझेल_रजिस्टर: जनरेटरचं डिझेल लिटरमध्ये, गुणिले २.६८ किलो. खरेदीची बिलं नुसती बेरजेला घेऊ नका: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा. कॅन्टीनचा १९ किलोचा गॅस सिलिंडर जळला की साधारण ५७ किलो कार्बन डायऑक्साइड.

एसीचा गॅस बहुतेक जण विसरतात. आर-४१०ए एक किलो गळला तर २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, आर-३२ असेल तर ६७५. मेकॅनिकच्या बिलावर ‘गॅस भरला’ एवढंच असतं. कोणता आणि किती किलो, ते लिहून घ्या. कागदाच्या रिमांवर मात्र आठवडा घालवू नका.

घोडबंदर_सायकल: येण्याजाण्याचा सर्वे जुलैत एकदाच केला तर पावसामुळे रिक्षा आणि गाड्या जास्त दिसतात. जुलै आणि जानेवारी, दोन्हीत गेल्या आठवड्याचं वारवार विचारा. गाडीने सोडणाऱ्या पालकाच्या दिवसाला चार फेऱ्या होतात. शाळा ४ किमीवर, गाडी लिटरला १५ किमी, पेट्रोल लिटरला सुमारे २.३ किलो: रोजचे जवळपास अडीच किलो, एका मुलासाठी. पालक तिथूनच ऑफिसला जात असेल तर फक्त वाकडी वाट मोजा. बसची मुलं सर्वेत नुसती मोजा. त्यांचं उत्सर्जन बसच्या डिझेलमधून येतंच, दोनदा धरू नका.

झाडं वजा नको. जुन्या झाडात साठलेला कार्बन यंदाचा नसतो. छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर, दरवर्षी घेर मोजा आणि वाढ स्वतंत्र तक्त्यात ठेवा.

नेरूळ_विज्ञान: कंत्राटदार लिटर सांगायला तयार नाही.

डिझेल_रजिस्टर: मग जीपीएसचा किलोमीटर रिपोर्ट मागा आणि बसच्या ॲव्हरेजने भागा. पार्किंगपासून पहिल्या स्टॉपपर्यंतची रिकामी धावही त्यात हवी. मधल्या वेळात तीच बस दुसऱ्या शाळेला जात असेल तर ते किलोमीटर वगळा.