ट्रेल कॅमेऱ्याच्या काचेवर आतून दव धरतंय, काय करावं?

बांधावरचा
गगनबावड्याकडं उसाच्या बांधावर ट्रेल कॅमेरा (जनावर हललं की आपोआप फोटो काढणारा) बांधलाय, गवे कुठल्या वाटेनं आत शिरतात ते बघायला. मालकीचं रान आहे, अभयारण्याची हद्द लांब. पावसानं जोर धरल्यापासून पहाटेच्या फोटोत नुसतं पांढरं धुकं, दुपारी परत लख्ख. आत पाण्याचा थेंब दिसत नाही. डब्यावर आयपी६६ लिहिलंय. दर आठ दिवसांनी कार्ड बदलतो. सगळ्या सांध्यांवरून सिलिकॉन ओढू का वर पत्रा घालू?

ओला_काजवा
सिलिकॉनची नळी आधी बाजूला ठेवा. आयपी६६ म्हणजे धूळ आणि पाण्याचा झोत आत जाणार नाही, तेही झाकण बंद असताना. तुम्ही झाकण उघडता तेव्हा रानातली ओली हवाच आत कोंडून येता. २५ अंशाला ९५ टक्के आर्द्रता असली की हवा एका अंशानं गार झाली तरी दव धरतं. पहाटे नेमकं तेच होतंय.

गंमत अशी की अर्ध्या लिटरच्या डब्यातल्या त्या हवेत वाफ असते जेमतेम ११-१२ मिलिग्रॅम. ५ ग्रॅम सिलिका जेलची पुडी तेवढी सहज पिते, पिऊन उरते. म्हणून केशरी रंगाची पुडी टाका, ओली झाली की हिरवी पडते. महिनाभर केशरी राहिली तर सील चांगलं. आठ दिवसांत हिरवी झाली तर गास्केट (झाकणाच्या कडेचं रबर) गेलंय, पुड्या बदलून उपयोग नाही. हिरवी पुडी फोडून दाणे ओव्हनमध्ये १२० अंशाला दोन तास ठेवले की पुन्हा चालतात. तव्यावर भाजू नका, जळून रंग कायमचा जातो.

गास्केट बघायची सोपी रीत: वहीच्या कागदाची पट्टी मध्ये घालून झाकण लावा आणि ओढा. चारी बाजूंनी घट्ट लागली पाहिजे. एका जागी सुळकन निघाली तर पाणी तिथूनच येणार. बऱ्याचदा गवताची काडी किंवा चिरडलेली मुंगी अडकलेली असते. पुसून सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या. व्हॅसलीन नको, काही जातींचं रबर त्यानं फुगतं. रबरच चपटं झालं असेल तर मापाची रबरी दोरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळते.

आणि शक्यतो रानात झाकण उघडूच नका. दोन कॅमेरे फिरवा. घरी कोरड्या खोलीत बंद केलेला न्यायचा, तिथला काढून आणायचा.

शेवरी_४१६
वरच्याला जोड. सगळं सीलबंद केलं तरी डबा श्वास घेतोच. दुपारी तापला की आतली हवा बाहेर ढकलतो, सर आली की एकदम गार होऊन आत ओढतो. त्या ओढीबरोबर सांध्यावर साचलेलं पाणी आत जातं. म्हणून सांध्यावर पाणी उभं राहू न देणं महत्त्वाचं, पत्र्याचा उपयोग त्यासाठी.

पत्र्यापेक्षा ६ इंची पीव्हीसी पाइपचा उभा चिरलेला तुकडा बरा, वाजत नाही, गंजत नाही. सिलिकॉन लावायचंच असेल तर फक्त या छपराच्या आणि झाडाच्या फटीत. व्हिनेगरसारखा वास येणारं कॅमेऱ्याजवळ नको, त्याची वाफ तांब्याचे पॉइंट खाते.

कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला करा. आपल्याकडं झड नैर्ऋत्येकडून येते. खोडावरून पाण्याचा ओघळ उतरतो तो पट्ट्यावरून थेट पाठीत जातो, तेव्हा मागं बोटभर जाडीची काठी घालून फट ठेवा. उंची गुडघ्याएवढी असेल तर चिखल उडून काच माखणार. गव्यासाठी ३ फूट चालतं, किंचित खाली झुकवून.

पुढं काच किंवा प्लास्टिक मात्र लावायचं नाही. हालचाल ओळखणारा सेन्सर अंगाची उष्णता बघतो, ती काचेतून जात नाही.

खडूस_काका
भावा, अल्कलाइन सेल पावसाळ्यात काढ बघू. वलीत फुटत्यात आणि पांढरा क्षार सगळे पॉइंट खातो. खाल्ला असंल तर कानकाडीला व्हिनेगर लावून पुस, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, वाळू दे. लिथियमचे दीड व्होल्टवाले घाल, महाग हैत पण गळत न्हाईत. बाहेरची बॅटरी जोडलीस तर वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेव, मग वर यावी. सरळ वरनं उतरली तर पाणी वायरीवरनं सॉकेटातच. आन पट्ट्याला दोन इंच ग्रीस फास, मुंग्या लई वैताग.

बांधावरचा
पट्टी बिजागरीच्या बाजूला सुळकन निघाली. काडीच होती! छप्पर बसवलं, तर आता रात्रीचे फोटो वरच्या बाजूला पांढरे येतात.

शेवरी_४१६
छपराची पुढची कड कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेडच्या (रात्रीच्या फोटोसाठीच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या) उजेडात येतेय. पाइप आतून पांढरा असतो, सगळा उजेड परत फेकतो. कड काचेच्या पुढं ३-४ इंचांपेक्षा जास्त काढू नका आणि आतून बिनचमकीचा काळा रंग मारा. रंग पुरता वाळल्यावरच बसवा, नाहीतर त्याचीच वाफ काचेवर.