मदत हवी आहे: जुन्या गाडीच्या ऑइल कूलरच्या पाइपांमधून तेलगळती

नमस्कार. माझी पेट्रोल गाडी 24 वर्षांची आहे. तिचा ऑइल कूलर रेडिएटरच्या पुढे आहे आणि ऑइल फिल्टरच्या बैठकीपासून तिथपर्यंत दोन पाइप जातात. हे पाइप टोकांना लोखंडी व मध्ये रबरी होसचे असून रबर आणि लोखंड यांचा सांधा धातूची कडी दाबून, म्हणजे क्रिम्पिंग करून, पक्का केलेला आहे. गेले दोन महिने गाडीखाली तेलाचे डाग पडत आहेत. चालत्या गाडीत वाऱ्यामुळे तेल मागे पसरते आणि ओल गळतीच्या मूळ जागेपासून बरीच दूर दिसते, त्यामुळे सुरुवातीला मी ऑइल संपच्या, म्हणजे इंजिनाखालील तेलाच्या भांड्याच्या, गॅस्केटलाच दोष देत होतो. अखेर सगळा खालचा भाग धुऊन कोरडा केला, प्रत्येक सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन 15 मिनिटे चालवले. पावडर दोनच ठिकाणी ओली झाली: एका पाइपच्या क्रिम्पिंगपाशी आणि त्याच पाइपच्या कूलरवरच्या नटापाशी. दुसरा पाइप अजून कोरडा आहे, पण ज्या क्लिपने तो चासीला धरलेला आहे तिच्याखाली तो गंजला आहे आणि नखाने खरवडले तरी खपली निघते.

या मॉडेलचे तयार पाइप आता मिळत नाहीत. एका मेकॅनिकने रबरी भाग कापून, नवा होस लोखंडी पाइपवर चढवून, दोन्ही टोकांना स्क्रूच्या दोन-दोन क्लिपा आवळण्याचा सल्ला दिला आहे. हे मला पटत नाही. गाडीतील दाबमापकावर गरम इंजिन जागेवर चालू असताना ऑइलचा दाब सव्वा बारच्या आसपास असतो, पण सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर तो 5 बारच्याही वर जातो. एवढा दाब क्लिपा किती दिवस धरतील? दुसरी अडचण कूलरवरच्या नटाची आहे. तो जाम झालेला आहे आणि कूलरची मान ॲल्युमिनियमची असल्यामुळे जोर लावताना ती पिळून तुटेल अशी धास्ती वाटते. पाइप मिळेपर्यंत कूलरकडे जाणारी दोन्ही तोंडे बंद करून गाडी चालवता येईल का, हेही कृपया सांगावे. हे इंजिन मी आजवर जपले आहे आणि एका पाइपपायी ते गमवायचे नाही, म्हणून जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद:

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर इंजिनच जाईल. दोन्ही तोंडे बंद करू नका. फिल्टरच्या बैठकीतून निघालेल्या अनेक जोडण्यांमध्ये पंपाचे सगळे तेल कूलरमधून फिरूनच बेअरिंगांकडे जाते. तो मार्ग बुजवला तर बेअरिंगांना तेल मिळणार नाही. काही बैठकींमध्ये थर्मोस्टॅट किंवा बायपास झडप, म्हणजे कूलर टाळून तेल पुढे नेणारी सोय, असते, पण तुमच्या बैठकीत ती आहे असे गृहीत धरून चालणार नाही. इंजिन आणि फिल्टर यांच्यामध्ये कूलरच्या पाइपांसाठी वेगळी चकती बसवलेली असेल तर ती काढून फिल्टर थेट इंजिनावर बसवता येतो का ते पाहा. थोडे दिवस, हलक्या हाताने गाडी चालवायला ते पुरेसे ठरते.

क्लिपांबद्दलची तुमची शंका रास्त आहे. गुळगुळीत पाइपवर क्लिप केवळ घर्षणाने होस धरते. तापलेल्या तेलाने रबर मऊ पडले की दाबाखाली होस हळूहळू सरकतो आणि एक दिवस निसटतो, मग पंप स्वतःच संप रिकामा करतो. ऑइलचा दिवा लागेपर्यंत नुकसान सुरू झालेले असते. कूलरकडून परत येणाऱ्या पाइपमध्ये दाब नसतो असा एक समज आहे, पण अशा जोडणीत दोन्ही पाइपांत जवळजवळ सारखाच दाब असतो. म्हणून गंजलेला दुसरा पाइपही याच वेळी बदला, त्यावर ठिगळ लावू नका.

दोन्ही पाइप काढून हायड्रॉलिक होस तयार करणाऱ्याकडे न्या. तो जुन्या कड्या कापून लोखंडी टोकांवर नवे जोड ब्रेझिंगने, म्हणजे पितळेसारखा धातू सांध्यात वितळवून, बसवेल आणि यंत्रावर नवा होस क्रिम्प करून देईल. होस निवडताना केवळ दाब पाहू नका. साधे हायड्रॉलिक होस बहुधा 100 अंश सेल्सिअसपर्यंतच्या वापरासाठी असतात आणि चढावर इंजिन ऑइल त्याहून जास्त तापते, त्यामुळे निदान 150 अंशांचा किंवा टेफ्लॉन अस्तराचा, वरून तारेची जाळी असलेला होस मागा. रेडिएटरचा होस इथे मुळीच वापरू नका, त्याचे रबर तेलात फुगते. आतला व्यास मूळ पाइपपेक्षा कमी नको. आटे जुळत नसतील तर जोराने आवळू नका. मिलिमीटरचे आणि इंची आटे सुरुवातीचे एक-दोन फेरे एकमेकांत बसतात आणि पुढे ॲल्युमिनियमचे आटे खातात.

जाम नटावर आटे सैल करणारे तेल दोन दिवस अधूनमधून सोडत राहा. मग एका पान्याने कूलरच्या मानेवरचा षटकोन घट्ट धरा आणि दुसऱ्याने नट आधी किंचित आवळून मगच सोडवा. पहिला पाना धरला नाही, तर सगळी पिळ त्या नाजूक मानेवर येते. मान फिरताना दिसली तर लगेच थांबा. तेलाने भिजलेल्या जागी गॅसची ज्योत लावू नका.

मूळ लेखकाचा प्रतिसाद:

मनःपूर्वक आभार. दोन पाने वापरून नट तिसऱ्या दिवशी सुटला आणि मान शाबूत राहिली. आतली ओ-रिंग चपटी व कडक झाली होती. तिच्या जागी त्याच मापाची व्हिटॉनची, म्हणजे जास्त उष्णता सोसणारी, रिंग घातली. दोन्ही पाइप नव्या होससह तयार होऊन आले असून गंजलेला लोखंडी भाग पूर्ण बदलून घेतला आहे. आता एकच शंका आहे: रिकामा कूलर आणि नवे पाइप असताना इंजिन पहिल्यांदा कसे सुरू करावे?

प्रतिसाद:

कूलर आणि पाइप शक्य तितके तेलाने भरूनच जोडा. नंतर इग्निशन कॉइलची जोडणी आणि इंधनपुरवठा बंद ठेवून, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त न चालवता, मध्ये विश्रांती देत स्टार्टर फिरवा. दाबमापकाचा काटा हलू लागल्यावरच इंजिन सुरू करा आणि ते जागेवरच चालू ठेवून सांधे पाहा. बंद केल्यावर पाच मिनिटांनी डिपस्टिक तपासून तेल पुन्हा भरा, कारण कूलरचा रिकामा उरलेला भाग तेवढे तेल ओढून घेतो. पहिला लांबचा प्रवास झाल्यावर होस कुठे पत्र्याला किंवा पट्ट्याला घासत नाही ना, हे एकदा हाताने चाचपून पाहा.