३५२ विमानं पाडली म्हणून लगेच सलाम?

रिकामटेकडा: काल इथे एकाने टाकलंय, 'एरिक हार्टमन, ३५२ विमानं पाडली, असा मर्द पुन्हा होणे नाही, सलाम'. खाली नुसते जोडलेले हात. अहो, सलाम कोणाला? दुसऱ्या महायुद्धातला जर्मन लढाऊ वैमानिक तो, १९४४ ला हिटलरने त्याला हिरेजडित नाइट्स क्रॉस हे शौर्यपदक दिलं. आणि आकड्याचं म्हणाल तर १४०४ उड्डाणं केली त्याने. अमेरिकन पोरांना ठरावीक फेऱ्या झाल्या की घरी पाठवायचे, जर्मन मरेपर्यंत उडायचे. सचिन २०० कसोट्या खेळला, धावा होणारच की.

पंत: मग १४०४ वेळा जिवंत परत येऊन दाखवा. समोरचं विमान काचेत मावेनासं होईपर्यंत जवळ जायचा आणि मगच गोळी, त्या विमानाचे तुकडे लागून कितीदा त्यालाच खाली उतरावं लागलं. शिवाय हिटलरकडे जाताना पिस्तूल काढून ठेवायला नाही म्हणाला होता, हेही वाचा.

रिकामटेकडा: हे सांगतो कोण, तर हार्टमनच. छान.

ओझरकर: तुमचं चालू द्या, मला तो नंतरचा आवडतो. दहा वर्षं रशियन कैदेत काढून १९५५ ला सुटला, पुन्हा पश्चिम जर्मनीच्या हवाई दलात गेला आणि स्टारफायटर हे अमेरिकन लढाऊ विमान घेऊ नका, आपली पोरं तयार नाहीत म्हणून वरिष्ठांशी भांडला. ऐकलं नाही कोणी. जर्मनीची २९२ स्टारफायटर पडली, ११६ वैमानिक गेले.

रिकामटेकडा: जर्मनी कशाला, आपल्या हवाई दलाचं रशियन मिग-२१ घ्या की. इतकी पडली की नावच पडलं, उडती शवपेटी.

ओझरकर: तोंड सांभाळा. माझ्या वडिलांची उमेदीची वर्षं नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात मिग जोडण्यात गेली. अपघाताची बातमी आली की त्या रात्री ते जेवायचे नाहीत, आई ताट झाकून ठेवायची. ७१ ला पाकिस्तानचं स्टारफायटर मिगनेच पाडलं, तेव्हा कुठे होती शवपेटी?

पंत: ७१ चं ठीक आहे हो, पण नंतर पडली ती पडलीच ना.

ओझरकर: का पडली ते पण बोला! नवी पोरं साध्या ट्रेनरवरून थेट मिगवर, मधली पायरीच नाही, त्या पायरीचं हॉक हे प्रशिक्षण जेट यायला २००८ उजाडलं. हार्टमन दुसरं काय सांगत होता? सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिगला निरोप दिला तेव्हा बाबा टीव्हीसमोर उभे राहिले होते. गुडघे गेलेत त्यांचे.

रिकामटेकडा: बरं बाबा, शवपेटी मागे घेतो. बाबांना नमस्कार सांगा, आमच्याकडून खरा सलाम तिकडे. हार्टमनचा फोटो पंतांनी घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवावा.

पंत: ठेवतो. तुमच्या सचिनशेजारी.